पट्टे वाघाला, ठिपके बिबट्याला

मार्च लागला की माझा उजवा हात आपोआप लाल पेन शोधायला लागतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण खोड जाईल तर शपथ. लग्नपत्रिका आली की मी आधी मुहूर्त बघत नाही, चुका बघते. सून हसते. म्हणते, "आई, पत्रिकेला दहापैकी किती?" मी म्हणते, "सात." आणि खरंच मनातल्या मनात सात देऊन मोकळी होते.

भिवंडीतली मार्चची दुपार ज्यानं काढली नाही त्याला परीक्षेचा खरा अर्थ कळायचा नाही. शाळेच्या मागच्या गल्लीत कापडाचे लूम खडखडत असायचे, खिडक्या लावल्या तर जीव गुदमरायचा आणि उघडल्या तर प्रश्न ऐकू यायचा नाही. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या चिमणीचा धूर शिपायाच्या वाळत घातलेल्या शर्टावर बसायचा. पोरं पुठ्ठ्याचे पॅड छातीशी धरून पाढे म्हणावेत तशी उत्तरं पुटपुटत फिरायची. घरी मी स्वयंपाकघरात फरशीवर बैठक मारून पेपर तपासायची, कारण पंखा लावला की गठ्ठे उडायचे. मग एका गठ्ठ्यावर बत्ता, एकावर पोळपाट, एकावर कुकरचं झाकण. नवरा विचारायचा, "आज जेवायला पेपर आहेत का?" त्या दिवसांचं मला अजून सुख वाटतं. आणि त्याच दिवसांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दोन्ही एकाच पिशवीत आहेत, वेगळं करता येत नाही.

याच दिवसांत गुरं उनाड सुटतात. हा शब्द मला माहीत नव्हता, म्हणजे उनाड मुलगा माहीत होता, उनाड गाय नव्हती. भात झोडून झालं, शेतं मोकळी झाली की डोंगराकडच्या वरच्या पाड्यांवर गुरांची दावी सोडतात. कुणी राखणीला जात नाही. जनावरं हवी तिथं चरतात, हवी तिथं बसतात, कधी संध्याकाळी परत येतात, कधी चार दिवसांनी. मृगाच्या तोंडावर पुन्हा दावं गळ्यात पडतं. तोवर त्यांची सुट्टी. आमच्या पोरांची परीक्षा आणि त्यांच्या गुरांची सुट्टी एकाच महिन्यात येते. ही गंमत मला वनितानं सांगितली होती. "मॅडम, आमची वाघी सुटली, आन् आमी बांधले गेलो." सगळा वर्ग हसला होता. मीही हसले होते, आणि मग "इंग्रजीत सांग" म्हटलं होतं. मी अशीच होते.

वनिता नववीत होती. गणेशपुरीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर तिचं घर. पण बाप अंजूरला एकाच्या शेतावर राखणीला राहिला होता, बांधाला लागून झोपडी होती, आणि तिथून ती रोज रिक्षानं भिवंडीला शाळेत यायची. दोन वेण्या, तेल चोपडलेलं, गणवेशाची बाही एका बाजूला उसवलेली. पहिल्या बाकावर कधी बसायची नाही, पण हात सगळ्यात आधी वर. "हाय" आणि "न्हाय" म्हणायची आणि मी दर वेळी "आहे, नाही" अशी दुरुस्ती करायची. मराठी माझा विषयही नव्हता! पण दुरुस्ती दिसली की मला राहवायचं नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

वाघी म्हणजे तिची गाय. तिचीच म्हणायची, घरची नव्हे. वनिता लहान असताना मामानं आजोळहून कालवड धाडली होती, भाचीच्या नावानं. वनितानं तिला हातानं पेज भरवून मोठी केली. तिच्याविषयी ती बोलायला लागली की मधे कुणी थांबवू शकायचं नाही. वाघी कशी दार ढकलते, वाघीला गूळ कसा कळतो, वाघी पहिल्यांदा गाभण आहे आणि पावसात वासरू होईल. मी ऐकायची, अर्ध्या कानानं. उरलेला दीड कान व्याकरणाकडे.

आता त्या तक्त्याबद्दल सांगायलाच हवं. माझ्या वर्गात मागच्या भिंतीवर मी स्वतःच्या हातानं केलेला एक तक्ता होता. जोड्या लावा. एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला त्यांच्या अंगावरची नक्षी. टायगर, स्ट्राइप्स. लेपर्ड, स्पॉट्स. काऊ, पॅचेस. बाजारात चित्रं मिळाली नाहीत म्हणून मी जुन्या कॅलेंडरांतून कापून चिकटवली होती. वर प्लास्टिक लावून घेतलं होतं. परीक्षेत या जोड्या हमखास यायच्या आणि माझ्या वर्गाचा एकही मार्क जायचा नाही. पट्टे वाघाला, ठिपके बिबट्याला, गाईला पांढरे-तपकिरी डाग. पोरं झोपेत उठवलं तरी सांगायची. मला त्याचा गर्व होता. साधासुधा नाही, चांगला शिंगं असलेला गर्व होता.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी वाघी गेली. उनाड सोडली होती. बापानं वरच्या पाड्यावरची रीत खाली अंजूरलाही चालवली, त्याला दुसरी माहीतच नव्हती. पण खाली शेतं राहिली होती कुठं? ज्या शेतात मागच्या साली वाघी चरली तिथं या साली पत्र्याचं गोडाऊन उभं. गाय आपली जुन्या वाटेनं चरत चरत पूर्णा गावापर्यंत गेली आणि एका गोडाऊनच्या आवारात शिरली. वॉचमननं फोन केला, मोकाट जनावरं उचलणारी गाडी आली, आणि अशी जनावरं ठेवतात त्या पांजरपोळात सगळी घेऊन गेली. हा पांजरपोळ पार लांब, डोंगराच्या पलीकडे. त्याचं ऑफिस ठाण्याला. आणि नियम असा की आधी ऑफिसात फॉर्म द्यायचा, जनावराचं वर्णन लिहायचं, ते रजिस्टरशी जुळलं तरच चिठ्ठी मिळणार आणि चिठ्ठी असली तरच फाटक उघडणार. नियमाचंही चुकत नव्हतं म्हणा, दुसऱ्याचं जनावर आपलं म्हणून नेणारेही असतात. फॉर्म मात्र सगळा इंग्रजीत छापलेला.

मधल्या सुट्टीत वनिता स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, आत येऊ?"

"मे आय कम इन म्हण."

"मे आय कम इन." ती आत आली. हातात घामानं मऊ झालेला कागद. "मॅडम, फारम हाय. वाघीचा. मीच भरलाय. तुमी जरा बघता?"

मला इतका आनंद झाला! चोवीस वर्षं इंग्रजी शिकवत होते, आणि परीक्षा सोडून दुसऱ्या कशासाठी इंग्रजी लिहिलेली ही पहिली पोर. मी ऐटीत लाल पेनचं टोपण काढलं. नाव बरोबर, पत्ता बरोबर. मग रंग आणि खुणा लिहायची एक ओळ. तिथं तिनं लिहिलं होतं, "ब्राऊन काऊ विथ टायगर स्ट्राइप्स."

मी हसले. चांगली मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "गाय हरवलीय की वाघ?" मग त्याही हसल्या. आणि वनिताही हसली, कारण मॅडम हसल्या की पोरं हसतातच. ते हसू मला आज आठवलं की चहाचा कप खाली ठेवावा लागतो.

"वनिता, तक्त्यावर काऊसमोर काय लिहिलंय?"

"पॅचेस."

"मग?"

"पन मॅडम, ती पट्ट्याचीच हाय. म्हनून तर वाघी म्हंतो तिला."

"अगं, घरात काहीही म्हणाल तुम्ही. इंग्रजीत तसं नसतं. टायगर स्ट्राइप्स फक्त टायगरला. साहेब वाचेल आणि हसेल तुला. तिच्या अंगावर पांढरं कुठं आहे का?"

तिनं डोळे मिटून आठवलं. आपल्या गाईला डोळ्यांसमोर उभी करून नखशिखान्त बघितलं असणार. "पोटाखाली हाय जरासं."

"झालं तर मग." मी तिचे शब्द खोडले आणि वर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ब्राऊन काऊ विथ व्हाइट पॅचेस. "वाच बघू. मोठ्यानं. शेवटच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे."

स्टाफरूममध्ये बाक नव्हते. पण ते माझं ठरलेलं वाक्य होतं. वनितानं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "थँक्यू मॅडम." त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून फॉर्मवर नंबर माझा घातला. म्हटलं ना, लष्कराच्या भाकऱ्या.

चार दिवसांनी ठाण्याहून फोन आला. माणूस सभ्य होता. "मॅडम, ब्राऊन विद व्हाइट पॅचेस, ऐसा कोई जानवर उस हफ्ते में नहीं आया." मी वनिताला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. बापाला मात्र पटेना. तो सरळ पांजरपोळाच्या फाटकावर गेला. चिठ्ठी नाही, म्हणून आत सोडलं नाही. तो दिवसभर बाहेर उभा राहून हाका मारत होता म्हणे. "वाघी, ए वाघी." शेड लांब मागच्या बाजूला. संध्याकाळी परत आला. वनितानं हे मला वर्गात उभी राहून सांगितलं, आणि मी, देवा, मी तेव्हाही "बस खाली" इतकंच म्हटलं. पोर्शन पुरा व्हायचा होता.

एखाद्या गोष्टीला नुसती चूक म्हणून सोडून देता येतं. माणूस आहे, चुकतं. इथपर्यंतची गोष्ट तशी आहे. इथून पुढची नाही.

वार्षिक परीक्षेला आठवडा राहिला होता. एका दुपारी बाप शाळेत आला. चपला पायरीखाली काढून, टोपी हातात घेऊन व्हरांड्यात उभा राहिला. मी आत बोलावलं तरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "मॅडम, पोरगी जेवंना," तो म्हणाला. "अभ्यास करंना. एकडाव पुन्ना फोन लावून बगा. आमची वाघी लपायची न्हाय कुटं. लाखांत वळकंल." आणि त्यानं बोटं आपल्या बरगड्यांवरून खाली ओढली, एक, दोन, तीन, चार. "हितून हितपावत पट्टं हायेत. काळं. दोनी बाजूनी. वाघाच्या बापाला न्हायेत असं."

मी त्याच्या बरगड्यांकडे बघत राहिले.  तोवर मला खरंच वाटत होतं की पट्टे म्हणजे पोरीची कविकल्पना. पोरीनं सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, पण माझ्या तक्त्यात तशी गाय नव्हती, म्हणून जगातही नव्हती.

"थांबा," म्हटलं आणि मी मागच्या जिन्याखाली जाऊन फोन लावला. तोच सभ्य माणूस. मी विचारलं, "एखादी पट्टेवाली गाय..."

"वो टायगर स्ट्राइप्सवाली? थी ना मॅडम. पूर्णा से आई थी. तीन हफ्ते रखी. बहुत सुंदर जानवर. कोई लेने आया ही नहीं. परसों गाडी से आगे भेज दी, यहाँ जगह कम है." मग रजिस्टर चाळल्याचा आवाज आला. "हाँ, यही लिखा है. ब्राऊन, टायगर स्ट्राइप्स."

म्हणजे ठाण्याच्या त्या माणसानं आणि अंजूरच्या माझ्या पोरीनं, एकमेकांना कधी न भेटता, एकाच गाईला अगदी तेच शब्द लिहिले होते. मधे मी.

आगे म्हणजे कुठे, हे विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कदाचित गाव कळलं असतं, कदाचित बाप तिथवर गेला असता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर वर येऊन सांगावं लागलं असतं की तुमची गाय तिथंच होती, तुम्ही फाटकावर हाका मारत होता तेव्हाही होती, आणि माझ्यामुळे गेली. व्हरांड्यात शिपाई होता, आठवीची पोरं होती, शेजारच्या टेबलावरच्या त्या बाई होत्या. चोवीस वर्षांचा दरारा होता. मी जिना चढून वर आले आणि म्हटलं, "नाही हो. चौकशी केली. नाही म्हणाले."

त्यानं मला हात जोडले. "लई उपकार झालं मॅडम, तुमी एवडं केलंत." टोपी घालून, चपला पायांत सरकवून तो उन्हात निघून गेला. मी वर्गात गेले आणि उरलेला धडा शिकवला. कसा शिकवला ते मात्र आठवत नाही.

मनाची समजूत काय, कशीही घालता येते. गाय तर गेलीच, आता सांगून काय उपयोग? पोरीची परीक्षा तोंडावर, उगाच धक्का कशाला? सुट्टीनंतर सांगू. सुट्टीनंतर बाप अंजूरचं काम सोडून वर पाड्यावर गेला होता आणि वनितानं दहावीला तिकडची शाळा धरली होती. मला हायसं वाटलं. हे लिहिताना पेन अडतंय, पण खरं तेच लिहिते, मला हायसं वाटलं.

पण त्याआधी पेपर आले होते. वार्षिक परीक्षेत इंग्रजीत पाच ओळी लिहायच्या होत्या, आपल्या आवडत्या प्राण्यावर. प्रश्न मीच काढला होता, महिनाभर आधी, आणि बदलायचं धाडस मला झालं नाही. बत्त्याखालचा गठ्ठा संपला, कुकरच्या झाकणाखालचा सुरू केला, त्यात वनिताचा पेपर. नीट, सुटसुटीत अक्षर. माझी गाय. तिचं नाव वाघी आहे. ती तपकिरी आहे. तिच्या अंगावर पांढरे पॅचेस आहेत. ती मला आवडते. ती चांगली गाय आहे.

एकही चूक नव्हती. तिनं आपल्या हातानं वाघीच्या अंगावरचे पट्टे पुसले होते, मॅडमना आवडेल अशी गाय केली होती. माझ्या तक्त्याशी तंतोतंत जुळत होतं. मी पाचपैकी पाच दिले. दुसरं काय देणार होते?

पुढे जूनमध्ये मी तो तक्ता काढला. शिपायाला म्हटलं, रंग उडालाय. तो तक्ता आमच्या माळ्यावर आहे, लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरलेला. आणि एका दुपारी घरात कुणी नसताना मी जाडा शब्दकोश काढून बसले. टायगर-स्ट्राइप्ड. मांजराला म्हणतात, सुरवंटाला म्हणतात, कापडाला म्हणतात, खुशाल गाईलाही म्हणता येतं. एवढंच काय, अशा पट्टेरी गुरांसाठी इंग्रजीत खास वेगळा शब्दही आहे, ब्रिंडल्ड. जुना, रुळलेला. मी चोवीस वर्षांत एकदाही भेटले नव्हते त्याला. इंग्रजीत वाघीला जागा होती. माझ्यात नव्हती.

आणि मराठीत तरी मला काय येत होतं? कबरी, बांडी, ढवळी, पवळी, मोरी. शेतावरच्या माणसाला गाईच्या अंगावरचा एकेक डाग नावानं माहीत असतो. मी भिवंडीच्या आळीत वाढलेली, माझ्या लेखी गाय दोन प्रकारची, पांढरी आणि दुसरी. ज्या पोरीला पन्नास गुरांतून आपली गाय अंधारात हात लावून ओळखता येते, तिला मी गाय शिकवत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

तेव्हापासून दर मार्चमध्ये मी रस्त्यावरच्या गाईंच्या बरगड्या बघते. पूर्णेच्या रस्त्यावर दुभाजकाला टेकून रवंथ करत बसलेल्या असतात. तपकिरी असली की थांबते. वाघी कुठल्या कुठे गेली असेल, आता जिवंतही नसेल, हे मला ठाऊक आहे. तरी बघते. पळस फुलला की लोक वर बघतात, मी खाली.

परवा अंजूरला एका ओळखीच्यांकडे हळद होती. परत येताना शेअर रिक्षात बसले. पूर्णेला गाडी भरायला म्हणून रिक्षावाला थांबला, तर गळ्यात गोडाऊनचं ओळखपत्र अडकवलेल्या दोघी चढल्या. एकजण माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम? ओळखलंत का? मी वनिता. नववी ब."

वेण्या नव्हत्या, अंबाडा होता. कानाशी घाम. पण हात तसाच आधी वर झाला, नमस्काराला. मी नुसती "अगं" म्हणाले. ती मैत्रिणीकडे वळली. "ह्या आमच्या इंग्लिशच्या मॅडम. लई कडक. ह्यांनी शिकवलं म्हणून तर मी लेबल वाचायला लागले ना, नायतर पॅकिंगलाच राहिले असते." मैत्रीण पाया पडायला वाकली, रिक्षात जागा नव्हती म्हणून गुडघ्याला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिक्षा पन्नास पावलं गेली आणि थांबली. पुढे दोन ट्रेलर आडवे, आणि त्यांच्या मधे चार गाई बसलेल्या. रिक्षावाला म्हणाला, "अब बैठो आराम से." वनिता गाईंकडे बघून हसली.

"मॅडम, माझी वाघी आठवते? आय अजून ऐकवते मला. एवडी शाळा शिकली आन् एक गाय लिवता आली न्हाय. शिमगा आला की एकदा तरी बोलतेच." ती गमतीनं सांगत होती. बारा वर्षं गमतीनं सांगून सांगून तो घाव गुळगुळीत झाला होता. "बरोबरच बोलते म्हणा. मी काय तरी पट्टे-बिट्टे लिवलं व्हतं. तुमी ते नीट केलंत, तरी पन न्हाय भेटली. नशीब."

इथं गप्प बसता आलं असतं. गप्प बसण्याचा मला बारा वर्षांचा सराव होता. पण गाडी हलत नव्हती, मला पळायला जिना नव्हता, आणि ती पोर माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन माझ्याकडे बघून हसत होती.

"वनिता," म्हटलं, "तू बरोबर लिहिलं होतंस."

"काय?"

"पट्टे. तेच बरोबर होतं. त्यांच्या रजिस्टरमध्येही तेच लिहिलेलं होतं. मी खोडलं म्हणून जुळलं नाही. मला नंतर कळलं. तुझे बाबा आले होते त्या दिवशी कळलं. मी त्यांना खोटं सांगितलं."

तिचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यात कुणी नव्हतं. मैत्रीण दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

"म्हंजी वाघी तितंच व्हती?"

"हो."

"बा फाटकावर हुबा व्हता, तवा?"

"हो. तेव्हाही होती."

ती बाहेर त्या चार गाईंकडे बघायला लागली. मी माफी मागितली. कोणत्या शब्दांत मागितली सांगवत नाही, कारण एकही धड नव्हता. ती ऐकत होती की नाही तेही कळेना.  मग तिनं पर्समधून मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"बा न्हाय आता. आय हाय. तुमी सांगा तिला. मी सांगितलं तर तिला खोटं वाटंल."

पलीकडे रिंग वाजत होती. मी फोन घेतला. वनितानं पुढे वाकून स्पीकर लावला आणि म्हणाली, "आये, शाळंतल्या मॅडम हायेत. वाघीचं सांगायचंय त्यान्ला."

 पलीकडून एक म्हातारा आवाज घाईघाईनं आला, "वाघी गावली?"

"नाही," मी म्हणाले. "नाही हो, गावली नाही. पण तुमच्या पोरीनं गाय बरोबर लिहिली होती. चूक माझी होती."

नेमका ट्रेलरनं हॉर्न दिला. "क्काय?" आई पलीकडून ओरडली. "काय म्हनताव? आयकू न्हाय आलं!"

मी वनिताकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, वही तपासायला दिल्यावर बघायची तशी.

"मोठ्यानं बोला मॅडम," ती म्हणाली.

मग मी मोठ्यानं सांगितलं. पुढे बसलेल्या रिक्षावाल्याला, शेजारच्या मैत्रिणीला, ट्रेलरच्या खिडकीतून वाकून बघणाऱ्या क्लीनरला, शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं.